क्वीन ऑफ द मंथ

नलिनीला जन्मात एकदाच कुणी राणी म्हटलं, आणि तेही इंग्रजीतून. एरवी ती नवऱ्याच्या तोंडी ‘अगो’, सासूच्या तोंडी ‘थोरली’ आणि चाळीच्या तोंडी ‘सुलूची आई’. नलिनी हे नाव रेशनकार्डावर होतं, आणि मॅट्रिकच्या एका गुणपत्रिकेवर. त्या गुणपत्रिकेत सगळे विषय सुटले होते, फक्त इंग्रजीत सहा मार्कांनी घात झाला होता. पुन्हा बसायचं म्हणता म्हणता लग्न झालं, आणि ते सहा मार्क तिच्या डोक्यात बोराच्या काट्यासारखे रुतून राहिले ते कायमचे.

गिरण्यांचा संप झाला, दशरथची गिरणी बंद पडली ती पडलीच. तो मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन झाला आणि नलिनी भांडुपच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागली. ही गोष्ट पंच्याऐंशी सालची, तेव्हा तिला तिथे दोन वर्षं झाली होती.

पॅकिंगचं काम सांगायला सोपं. मशीनवरून गोळ्यांच्या पट्ट्या येतात. खोका उघडायचा, दहा पट्ट्या मोजून आत, घडी घातलेला माहितीचा कागद आत, झाकण दाबलं की झाला एक. असे नऊशे खोके एका शिफ्टला, माणशी. सांगायला सोपं म्हणणाऱ्यांनी एक दिवस बसून बघावं. दुपारपर्यंत बोटांची पेरं स्वतःची वाटत नाहीत.

लांबलचक टेबलाला अठरा जणी बसत. त्यांच्यात एक रीत होती, तिला त्या ‘कोपर देणं’ म्हणत. ज्या बाईचा हात चलाख, तिने आपले तयार खोके कोपराने हळूच शेजारणीकडे सरकवायचे. तिने पुढचीकडे. कुणाचं पोर आजारी म्हणून रात्रभर डोळा लागलेला नसायचा, कुणाची पाठ भरून आलेली असायची, कुणाचं वयच झालेलं असायचं. खोके टेबलावरून असे सरकत जिथे तूट असेल तिथे जाऊन थांबायचे आणि संध्याकाळी अठराही जणींचे नऊशे भरायचे. कधी नऊशे दोन, कधी आठशे अठ्ठ्याण्णव. सुपरवायझरला वाटायचं, काय शिस्तीच्या बायका आहेत. ही रीत कुणी पाडली हे कुणी सांगत नसे, पण टेबलाच्या टोकाला राधाबाई बसायच्या आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

राधाबाई जालन्याकडच्या. पन्नाशीच्या आसपासच्या, तोंडाने फटकळ, चौदा वर्षं याच टेबलावर. नवरा कुंडलिक, तोही गिरणीतलाच, आणि संपानंतर तो जो घरात बसला तो उठलाच नाही. एकुलती एक मुलगी लता अकरावीला होती आणि तिला नर्सिंगला घालायचं हे राधाबाईंनी पक्कं केलं होतं. ‘अजून पाच वर्षं हात चालला पायजे’ असं त्या म्हणायच्या. आणि हाताचीच तर रड होती. उजव्या हाताची दोन बोटं सांध्यात सुजायची. थंडीत तर राधाबाई सातशेच्या वर जात नसत. टेबलाला ते माहीत होतं आणि सुपरवायझरला कधी कळलं नव्हतं.

नलिनी नवी आली तेव्हा दिवसाला पाचशे खोके करताना रडकुंडीला यायची. पहिल्या आठवड्यात कामावरून काढतील म्हणून ती संडासात जाऊन रडली होती. त्या वेळी राधाबाईंची बोटं बरी होती. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं, पट्ट्या मोजायच्या नाहीत, हातात धरून जाडीवरून ओळखायच्या हे शिकवलं, आणि तीन महिने रोज कोपर दिलं. तीन महिने म्हणजे थोडे नव्हेत. नलिनीचा हात बसला, आणि असा बसला की टेबलावर तिच्यासारखी चलाख कुणी उरली नाही. मग तिने दिलं. पावणेदोन वर्षं बिनबोभाट दिलं, हेही खरं आहे. तिच्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे म्हणून सांगून ठेवतो.

त्या वर्षी कंपनीत चंद्रप्रकाश नावाचे नवे पर्सोनेल ऑफिसर आले. तरुण, गोरेगोमटे, बायकांशी अहोजाहो करणारे. माणूस वाईट नव्हता. अंधेरीच्या एका हॉटेलात तीन दिवसांचा कोर्स करून ते आले, आणि येताना कामगारांना उत्साह कसा आणावा याची फाइल घेऊन आले. सोमवारी नोटीस बोर्डावर इंग्रजी तक्ता लागला. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ज्या बाईचे खोके सगळ्यांत जास्त, ती ‘क्वीन ऑफ द मंथ’. दुसरी आली ती ‘प्रिन्सेस’. मशीनखात्यातल्या पुरुषांसाठी ‘किंग’. आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांतून एक ‘एम्प्रेस’. क्वीनला सोनेरी कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा मुकुट, आणि तिचं नाव स्केचपेनने लिहून महिनाभर बोर्डावर.

बायका हसून हसून बेजार झाल्या. मशीनवरचा दादू पहिला किंग झाला तर पोरं त्याला राजे, आपले जोडे पुसू का म्हणून दिवसभर छळत होती. पण राधाबाई हसल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडल्यावर त्यांनी सांगितलं की हे मुकुटाचं सोंग आपल्यातल्या एकीला पुढे काढायला आणलंय, आणि एक पुढे गेली की बाकीच्या सतरा मागे राहिल्या असंच दिसणार. मग त्यांनीच तोड काढली. राणी व्हायचंय ना, मग सगळ्याच होऊ या, पाळीपाळीने. जिची पाळी तिने त्या शुक्रवारी नऊशे दहा करायचे, बाकीच्यांनी नऊशेवर थांबायचं. साहेब खूश, आपण खूश. सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिली राणी वनमाला झाली, नऊशे बारा खोके. दुसरी जया, नऊशे दहा. तिसरी पाळी नलिनीची होती.

आता हे नीट ध्यानात घ्या. तिला नऊशे दहा करूनही मुकुट मिळणारच होता. कुणी आडवं येणार नव्हतं.

गुरुवारी जिन्यात चंद्रप्रकाश साहेबांनी तिला थांबवलं. म्हणाले, उद्या फोर्टच्या ऑफिसातून मोठे साहेब येतायत. तुमचा हात मी पाहिलाय नलिनीबाई, तुम्ही मुद्दाम थांबता. उद्या हजार ओलांडा, कंपनीच्या इंग्रजी मासिकात फोटो देतो, खाली नाव. आणि एम्प्रेससाठी तुमचंच नाव घालतो. नलिनी पदर सावरून जिना उतरली. पण घरी जाताना तिने मनातल्या मनात स्वतःचं नाव इंग्रजी अक्षरांत छापलेलं पाहिलं, आणि त्यात त्या जुन्या सहा मार्कांची भरपाई होती. ज्या भाषेने नापास केलं तीच आता सिंहासन मांडून बोलावते आहे असं तिला वाटलं. बाई भाबडी होती, पण इतकी भाबडी नव्हती की राधाबाईंचा शब्द विसरावा. तिने ठरवलं होतं, नऊशे दहाच करायचे.

शुक्रवारी साहेब लोक टेबलाशी येऊन उभे राहिले. मोठे साहेब पाठीमागून बघत होते आणि चंद्रप्रकाश त्यांना इंग्रजीत काही सांगत होते, त्यात क्वीन हा शब्द दोनदा आला. नलिनीच्या हातांनी वेग घेतला. नऊशे झाले तेव्हा तास दीड तास उरला होता. तिने कोपर सरकवलं नाही. शेजारच्या क्षमाने दोनदा तिच्याकडे पाहिलं, जयाने टेबलाखालून पाय लावला. नलिनीने मान वर केली नाही. हजार झाले, अकराशे झाले. आपला हात एवढा चालतो हे तिला स्वतःलाच नव्याने कळत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या तासासारखं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं. भोंगा झाला तेव्हा तिच्या पुढ्यात बाराशे चाळीस खोके होते. त्या दिवशी टेबलाच्या टोकाला पहिल्यांदाच सातशे वीसच भरले. राधाबाईंचे.

टाळ्या साहेबांनी वाजवल्या. बायकांनीही वाजवल्या, कारण साहेब बघत होते. मुकुट घालून फोटो निघाला. घरी सुलूने आईने उतरवून आणलेल्या तक्त्यावरच्या ओळी चार वेळा मोठ्याने वाचून दाखवल्या, आणि दशरथने भिंतीला टेकून विचारलं, “राणीसायब, गरिबाक चाय मिळतली काय?” ती हसली. त्या रात्री ती सुखाने झोपली याची तिला पुढे फार लाज वाटली.

सोमवारी प्रत्येकीच्या पाठीमागे नंबर घातलेला वेगळा क्रेट आला. खोका झाला की मागे वळून आपल्याच क्रेटमध्ये टाकायचा. कोपर देणं एका दिवसात संपलं. पंधरा दिवसांनी नोटीस लागली: एका कामगाराने बाराशे चाळीस करून दाखवल्यामुळे यापुढे कोटा अकराशे. युनियनचे भाऊराव येऊन नोटीस वाचून गेले. संपानंतर कुणाच्याच अंगात जोर उरला नव्हता, ते म्हणाले बघतो, आणि बघतच राहिले.

टेबलावर कुणी नलिनीला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तिच्याशी बोलणं मात्र खोके, पट्ट्या, कागद एवढ्यावर आलं. जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्यात कुणी हात घालेना. राधाबाई तेवढ्या पूर्वीसारख्याच बोलत, आणि ते तिला सगळ्यांत जड जायचं. अकराशेला मरमर करून बाकीच्या कशाबशा पोचल्या. राधाबाई साडेसातशेवर होत्या. पहिला मेमो आला, महिन्याने दुसरा.

दुसऱ्या मेमोच्या दिवशी नलिनी चंद्रप्रकाश साहेबांच्या केबिनमध्ये गेली. एवढं धाडस तिने आयुष्यात केलं नव्हतं. तिने सांगितलं, राधाबाईंचे हात दुखतात, चौदा वर्षं नोकरी झालीय, मुलगी शिकतेय. त्यांचा कोटा तरी नऊशेवर आणा. साहेब सहानुभूतीने ऐकत होते, पण मान नकाराची हलत होती. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “साहेब, तुम्ही मला क्वीन केलंत ना. मग राणीची एवढी एक गोष्ट ऐका.”

साहेब हसले. कुचेष्टेने नव्हे, लहान मुलाला हसावं तसं.

“अहो नलिनीबाई, इंग्रजीत ती बोलायची पद्धत आहे. कुणालाही म्हणतात. कापसाचा किंग, स्टीलचा किंग. आंब्याला आपण किंग ऑफ फ्रूट्स म्हणतो की नाही? म्हणून आंबा काय ऑर्डर काढतो?”

नलिनीलाही हसू आल्यासारखं करावं लागलं. जिना उतरताना तिला कळलं की मॅट्रिकला ती ज्या इंग्रजीत नापास झाली, त्यात आज दुसऱ्यांदा झाली. राणी म्हणायचं, मुकुट घालायचा, आणि त्यात राज्य कसलंच नाही, हे त्या भाषेत सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तिला एकटीलाच कुणी सांगितलं नव्हतं. नाही, हेही खोटं. राधाबाईंनी डबा खाताना सांगितलं होतं.

त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तिने मुद्दाम नऊशेच केले, तेवढंच तिच्या हातात होतं. काही झालं नाही. क्षमा अकराशे तीस करून क्वीन झाली आणि नलिनीला तंबी मिळाली. कोटा जिथे होता तिथेच राहिला. तिने क्षमाला बाजूला घेऊन समजवायचा प्रयत्न केला तर पोरगी शांतपणे म्हणाली, “तुला कोण समजवायला आलं होतं का गं?”

मग एका रविवारी दुपारी राधाबाई नलिनीच्या घरी आल्या. टेकडीवरच्या चाळीची चढण चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. दशरथ ड्यूटीवर होता, सुलू खाली खेळत होती, सासू आत पडली होती. नलिनीला त्यांना कुठे बसवू आणि काय देऊ असं झालं. तिने चहा टाकला. कामावर जे बोलता येत नव्हतं ते आज बोलावं, पाय धरावे, असं तिच्या मनात भरून आलं होतं. पण राधाबाईंनी चहा घेता घेता पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

“तिसरा आला शुक्रवारी. इंग्रजीत हाय. तुला येतं ना वाचाया, सांग काय म्हणतेत.”

नलिनीने कागद उलगडला. टाइप केलेली दीड पानं. ती एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागली, अडखळत, पण बरोबर सांगू लागली. आपण चौदा वर्षं कामावर आहात. आपलं काम कोट्यापेक्षा सतत कमी पडत आहे. आधी दोन वेळा समज दिली आहे. राधाबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

दुसऱ्या पानावर ती थबकली. तिथे तिचं नाव होतं. पूर्ण नाव, इंग्रजीत, टाइप केलेलं: श्रीमती नलिनी दशरथ घाडी. तिच्या नावापुढे क्वीन ऑफ द मंथ असं मोठ्या अक्षरांत घातलेलं होतं. आपल्याच टेबलावरच्या या कामगाराने एका शिफ्टमध्ये बाराशे चाळीस खोके पूर्ण केले आहेत, सबब अकराशेचा कोटा रास्त आहे, आणि तो न भरणं हा आपला कामचुकारपणा समजण्यात येईल.

मासिकातला फोटो अजून आला नव्हता. तिचं नाव इंग्रजीत छापून आलं ते आधी इथे.

आत सासू कूस बदलत होती, स्टोव्हवरचं पातेलं अजून चर्रचर्र वाजत होतं. बाईला वाचता येत नाही, तिने विचार केला. मुलीला दाखवलं नसणार, पोरगी घाबरेल म्हणून तर इथवर आल्या. हे वाचून दाखवून काय मिळणार? म्हाताऱ्या जिवाला आणखी एक डाग. तिने स्वतःला असं समजावलं की ती राधाबाईंनाच वाचवते आहे. इतकी माया त्या क्षणी तिला आली, आणि माया खरी होती हाच त्यातला घोळ. तिची नजर ते चार ओळींचं कलम ओलांडून खाली गेली.

“आणि मग,” ती म्हणाली, “मग म्हणतायत की पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर कारवाई करू.”

“एवढंच?”

“एवढंच.”

राधाबाईंनी डोळे उघडले. त्यांनी नलिनीकडे पाहिलं. रागाने नाही. रागाची नजर नलिनीने सोसली असती. त्यांनी हात पुढे केला, सुजलेल्या बोटांनी कागद तिच्या हातून घेतला आणि जुन्याच घडीवर घडी घातली.

“लताने शुक्रवारीच वाचून दाखवला मला सगळा,” त्या म्हणाल्या. “दोन्ही पानं.”

नलिनीने त्यांचा हात धरायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

“तू तुझं नाव वाचतेस का, तेवढं बघाया आले होते. चढण चढून आले. तू तेवढं वाचलं असतंस ना नलू, तर बाकीचं मी सोडून दिलं असतं. एक दिवस डोकं फिरतं माणसाचं, म्हटलं असतं.”

त्यांनी कपबशी उचलून मोरीशी नेऊन ठेवली, पाहुण्याने ठेवावी तशी. नलिनी म्हणाली की उत्तर ती लिहून देईल, खरं खरं लिहील, स्वतःचं नाव घालून लिहील. राधाबाई चपला घालत होत्या.

“उत्तर लता लिहील,” त्या म्हणाल्या, आणि उतरणीला लागल्या.

लताने लिहिलेलं उत्तर गेलं, कोटा हलला नाही, आणि महिन्याअखेर राधाबाईंनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी बावीस वर्षांची एक मुलगी आली. ती पहिल्या आठवड्यात सहाशे खोके करताना रडकुंडीला यायची, आणि नलिनीला शेजारी बसून ते बघावं लागायचं.